आधी हिशेब दाखवा!

ह्या जिल्ह्याचा तांदूळ मालगाडीने बाहेर जातो आणि ह्या जिल्ह्याचे तरुण महाराष्ट्र एक्स्प्रेसने नाही तर विदर्भ एक्स्प्रेसने बाहेर जातात. तांदळाबरोबर त्याचे वजन, प्रत आणि भाव लिहिलेला कागद असतो. तरुणाबरोबरही पुष्कळदा एक कागद असतो. फरक इतकाच की तो त्याने सही करण्यापूर्वी पुरता वाचलेला नसतो. 'मी अमुक वर्षे नोकरी सोडणार नाही. सोडल्यास माझ्या प्रशिक्षणावर झालेल्या खर्चापोटी अमुक लाख रुपये कंपनीस भरून देईन' अशा आशयाचे हे बंधपत्र असते. लोकांच्या तोंडी त्याला 'बॉण्ड' म्हणतात. नोकरी मिळाल्याच्या आनंदात घरी पेढे वाटले जातात आणि बॉण्डची प्रत ट्रंकेच्या तळाशी जाते. दीड-दोन वर्षांनी अधिक बरी नोकरी चालून आली, किंवा वडिलांच्या आजारपणामुळे गावी परतण्याची वेळ आली, म्हणजे तो कागद ट्रंकेतून वर येतो आणि घरादाराची झोप उडवतो.

ह्या विषयावर पहिल्या पानावर लिहिण्याची आवश्यकता आम्हांस वाटली, त्याला कारण आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात एक निकाल दिला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल बँकेने एका अधिकाऱ्याकडून घेतलेले दोन लाख रुपये न्यायालयाने योग्य ठरवले आणि कर्नाटक उच्च न्यायालयाचा उलट निर्णय फिरवला. तेव्हापासून 'आता सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे, पैसे भरल्यावाचून सुटका नाही' असे जो तो म्हणू लागला आहे. कंपन्यांच्या नोटिसांत त्या निकालाचा आधार घेतला जाणे स्वाभाविकच आहे. आणि धानाच्या चार बांध्यांवर मुलाला शिकवणारा बाप त्या निकालाचे नाव ऐकूनच हातपाय गाळून बसतो. निकाल वाचण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेत नाही. आम्ही ते घेतले आहेत, आणि त्यातून जे दिसते ते पुकाऱ्यापेक्षा बरेच वेगळे आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करून टाकू. मालकाची बाजू अगदीच पोकळ नाही. एखाद्या कारखान्याने परदेशातून तंत्र आणावे, त्यासाठी पैसा ओतावा, एका तरुणास महिनोन्‌महिने पगार देऊन ते शिकवावे, आणि त्याने शिकून होताच प्रतिस्पर्ध्याच्या दारात जाऊन उभे राहावे, हे कोणाही व्यवहारी माणसास रुचणार नाही. नेमका असाच प्रसंग १९६४ साली कल्याणजवळच्या सेंचुरी कंपनीच्या कारखान्यात घडला. टायरसाठी लागणारा धागा बनवण्याचे तंत्र कंपनीने हॉलंडच्या एका कारखानदाराकडून गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. त्या विभागात सुमारे नऊ महिने शिकलेला एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून राजस्थानातल्या त्याच धंद्यातील कंपनीत गेला. त्याच्या करारात सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई आणि शिवाय प्रशिक्षणाचा खर्च परत करण्याचे कलम होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६७ च्या जानेवारीत निकाल कंपनीच्या बाजूने लागला. आमच्या मते तो निकाल न्याय्यच होता. तेथे प्रशिक्षण खरे होते, गुपित खरे होते, आणि बंदीही केवळ कराराच्या उरलेल्या मुदतीपुरती आणि तशाच कामापुरती होती. आज बंधपत्राच्या बाजूने बोलणारे वकील हा निकाल हटकून पुढे करतात. पण गावोगावच्या मुलांना पंधरा दिवस एका खोलीत बसवून पडद्यावर कंपनीचा गौरवपर इतिहास दाखवणे आणि त्याला 'विशेष प्रशिक्षण' म्हणणे, ह्याला कल्याणच्या त्या निकालाचा आधार कसा मिळावा, हे आम्हांस उमगत नाही.

दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या बिरसीकडेच पाहावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील त्या धावपट्टीवर भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची एक कंपनी ह्यांच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. रोवणीत वाकलेल्या बायका मान वर करून ज्या लहान विमानांकडे पाहतात, ती ह्या संस्थेच्या विद्यार्थ्यांची असतात. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते, आणि त्याचा खर्च विद्यार्थी स्वतः करतो. पुढे एअरबस किंवा बोइंग चालवण्यासाठी त्या विशिष्ट विमानाचे 'टाइप रेटिंग' घ्यावे लागते. ते कंपनीने करून दिले तर ती बंधपत्र घेते. येथे खर्च लाखोंचा असतो आणि तो पावत्यांनिशी दाखवता येतो. वैमानिक एकाएकी निघून गेले तर काय होते, हे २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात देशाने पाहिले. आकासा एअर ह्या नव्या कंपनीचे ४३ वैमानिक सूचनेची मुदत न पाळता गेल्याचे कंपनीने न्यायालयात सांगितले. शेकडो फेऱ्या रद्द झाल्या, आणि काही वैमानिकांविरुद्ध कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. त्यापूर्वी २०१७ मध्येच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सहवैमानिकास सहा महिने आणि कप्तानास एक वर्ष आधी सूचना देणे बंधनकारक करणारा नियम केला होता. वैमानिकांच्या संघटनांना तो मान्य नव्हता. तीनशे प्रवाशांची तिकिटे काढून ठेवलेल्या धंद्यात काही बंधन असावे, हे आम्ही नाकारत नाही.

परंतु विमानाच्या न्यायाने सगळ्यांना मोजण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस मान्य नाही. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष झालेला खर्च ह्यांच्यात पुष्कळदा काडीचाही संबंध नसतो. दोन लाख का? तीन का नव्हेत, सव्वा लाख का नव्हे? ह्याचे उत्तर देण्याची तसदी मालक घेत नाही, कारण त्याला कोणी ते विचारत नाही. आणि ज्या ठिकाणी ते विचारले गेले, तेथे काय झाले हे सांगण्यासारखे आहे.

दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०११ मध्ये असे एक प्रकरण आले. तीन वर्षे नोकरीचे बंधपत्र, मोडल्यास दोन लाख रुपये. कर्मचारी दोन वर्षे काम करून गेला. कंपनीने पुरते दोन लाख मागितले. न्यायालयात खर्चाचा तपशील काढावा लागला तेव्हा तो भरला ६७,५९५ रुपये. न्यायालयाने म्हटले, तीनपैकी दोन वर्षे त्याने सेवा केली आहे; तेव्हा कंपनीचे नुकसान फार तर एक तृतीयांश. हुकूमनामा झाला २२,५३२ रुपयांचा. कंपनी अपिलात गेली. तेथेही हाच आकडा कायम राहिला. दोन लाखांचे बावीस हजार! आणि ह्यात न्यायाधीशांनी कोणता नवा कायदा शोधून काढला असेही नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचे चौऱ्याहत्तरावे कलम हेच सांगते की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा होय. तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळायची. हे कलम दीडशे वर्षांहून जुने आहे. इंग्रजाने केलेल्या कायद्यात नोकराला जेवढे संरक्षण आहे, तेवढेही आमच्या मुलांना आज व्यवहारात मिळू नये, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

आता विजया बँकेच्या निकालाकडे वळू. ह्या बँकेचे २०१९ च्या १ एप्रिलला बँक ऑफ बडोद्यात विलीनीकरण झाले. प्रकरण मात्र त्याच्या बरेच आधीचे, २००६ च्या भरतीच्या जाहिरातीतून उद्‌भवलेले. जाहिरातीतच अट होती. संबंधित अधिकारी २००७ मध्ये वरच्या पदावर रुजू झाले, २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला, आणि निषेध नोंदवून दोन लाख भरले. सर्वोच्च न्यायालयाने रक्कम योग्य ठरवताना जी कारणे दिली ती वाचकांनी लक्षपूर्वक पाहावीत. सरकारी मालकीच्या बँकेला आपल्या मर्जीने ओळखीचा माणूस उचलून खुर्चीवर बसवता येत नाही. तिला जाहिरात, खुली स्पर्धा, मुलाखती हा सगळा खर्चिक व वेळखाऊ सोपस्कार पुन्हा करावा लागतो. अधिकारी वरिष्ठ पदावर होते, पगार चांगला होता, आणि त्या पगाराच्या मानाने दोन लाख ही रक्कम राजीनामा अशक्य व्हावा इतकी मोठी नव्हती. थोडक्यात, हा निकाल प्रशिक्षणाच्या खर्चाविषयी नाहीच. तो सार्वजनिक बँकेच्या भरतीच्या खर्चाविषयी आहे. जी खाजगी कंपनी एका दुपारी चाळीस मुले निवडते आणि दुसऱ्या दुपारी त्यांतली दहा काढते, तिला ह्या कारणांतले कोणते कारण लागू पडते? शिवाय त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले आहे की मालकाने तयार ठेवलेल्या छापील करारात दोन्ही पक्षांचे बळ सारखे नसते, आणि अशी अट अन्याय्य नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे. निकालाचे हे वाक्य नोटिसांत छापावयास हवे होते. पण ते छापण्यात मालकाचे हित कोठले?

झाडीपट्टीतल्या वडीलधाऱ्यांना ह्यात नवे असे काही वाटणार नाही. सालदाराची चाकरी त्यांनी पाहिली आहे. पोरीच्या लग्नासाठी, दुखण्यासाठी, बैल मेला म्हणून उचल घ्यायची, मालगुजाराच्या वहीवर अंगठा उमटवायचा, आणि साल संपले तरी उचल फिटली नाही म्हणून दुसरे साल त्याच वाड्यावर काढायचे. वही मालकाजवळ असे, लिहिणारा मालकाचा दिवाणजी असे, आणि वाचता येणारा तिसरा माणूस गावात नसे. १९७६ मध्ये वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला त्याच्या मुळाशी हीच वही होती. आम्ही गार हवेत संगणकासमोर बसणाऱ्या अभियंत्याची त्या सालदाराशी बरोबरी करत नाही. तसे करणे सालदाराच्या हालअपेष्टांची थट्टा केल्यासारखे होईल. सालदाराला निदान उचलीचे पैसे हातात मिळत. हे मात्र खरे. आजच्या बंधपत्रात उचल दिल्याचे मालक सांगतो, पण ती किती, केव्हा आणि कशावर दिली, हे वहीत पाहू देत नाही. वही अद्याप मालकापाशीच आहे, एवढेच आमचे म्हणणे.

आमगाव किंवा गोरेगावकडचा एखादा तरुण घ्या. त्याने पुण्यातील नोकरी सोडण्याचे ठरवले, सूचनेची मुदतही पाळली. शेवटच्या महिन्याचा पगार मिळत नाही. अनुभवाचे पत्र मिळत नाही, आणि ते नाही म्हणून नवा मालक रुजू करून घेत नाही. काही ठिकाणी तर रुजू होतानाच पदवीचे मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतलेले असते. 'पैसे भरा, कागद न्या.' दिवाणी न्यायालयात दावा लावून, पुरावा देऊन, बावीस हजारांचा हुकूमनामा मिळवण्यापेक्षा हा मार्ग मालकाला फारच सोईचा! न्यायालयाची पायरी न चढताच त्याला पुरते दोन लाख मिळतात. पदवी ही विद्यापीठाने मुलाला दिलेली आहे. ती तारण ठेवून घेण्याचा अधिकार कंपनीस कोणी दिला? ज्या शिक्षकांनी आमगावच्या शाळेत त्याला अक्षर ओळखवले, ज्या मनोहरभाई पटेलांनी ह्या मागास मुलखात गोंदिया शिक्षण संस्था काढून महाविद्यालये उभी केली, त्यांनी कोणी 'शिकून झाल्यावर येथेच राहीन' असे लिहून घेतल्याचे ऐकिवात नाही. त्यांचा खर्च ह्या मुलांवर अधिक झाला असेल.

पगार अडवण्यासंबंधी तर कायदा आता पुरता स्पष्ट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता अमलात आली. राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देणे दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे, असे ती सांगते. आणि वेतनातून कोणकोणती कपात करता येईल त्याची यादीही तिने दिली आहे. त्या यादीत प्रशिक्षणाच्या खर्चाचे सदर आम्हांस आढळले नाही. मालकाला आपला हक्क खरा वाटत असेल तर त्याने खुशाल न्यायालयात जावे. नोकरी सोडणे हा फौजदारी गुन्हा नव्हे, पोलीस दारात येत नाहीत, आणि कोणासही इच्छेविरुद्ध चाकरीस जुंपण्याचा हुकूम आपल्याकडील न्यायालये देत नाहीत. वाद उरतो तो केवळ पैशाचा. हे इतके साधे आहे की ते लिहावे लागावे ह्याचेच आश्चर्य वाटते, पण नोटीस हातात घेऊन रडणाऱ्या आईला ते कोणी सांगितलेले नसते.

न्यायालयात जाणेही दोघांना सारखे सोपे नसते. 'सर्व वाद अमुक शहरातील न्यायालयातच चालतील' हे कलम अशा करारांत बहुधा असतेच. ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका खाजगी बँकेच्या प्रकरणात असे कलम नोकरीच्या करारातही बांधील असल्याचे म्हटले, आणि पाटणा व दिल्ली येथील कर्मचाऱ्यांना आपले दावे मुंबईत चालवावे लागतील असे ठरवले. ह्या निकालाचा आदर ठेवूनही आम्हांस असे वाटते की ह्यात तराजू मालकाकडे झुकला. बंगळूरच्या न्यायालयातील एका तारखेला गोंदियाहून जाऊन येण्यास किती दिवस आणि किती पैसे लागतात, हे कोणीही हिशेब करून पाहावे. चार तारखांत दोन लाखांचा वाद परवडेनासा होतो आणि माणूस निमूटपणे तडजोड करतो. कामगार न्यायालयाचा आसरा ह्या मुलांना बहुधा नाहीच. कारण पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिना अठरा हजारांहून अधिक पगार घेणारा मनुष्य औद्योगिक संबंध संहितेच्या दृष्टीने 'कामगार' ठरत नाही. अठरा हजार रुपयांत पुण्यास खोलीचे भाडे देऊन पाहावे!

मग उपाय काय? आमच्या मते तो शोधण्यासाठी फार डोके खाजवावे लागणार नाही. तो १९६१ पासून आपल्याच कायद्यात आहे. आयटीआयमधून निघालेला फिटर किंवा वायरमन जेव्हा कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जातो, तेव्हा त्याला शिकाऊ उमेदवारी कायदा लागू होतो. त्या कायद्याचे सातवे कलम मोठे समंजस आहे. उमेदवाराच्या कसुरीमुळे करार मोडला तर त्याने प्रशिक्षणाचा खर्च मालकास परत करावा, असे ते म्हणते. पण तो खर्च किती, हे मालक ठरवत नाही. ते ठरवतो सरकारने नेमलेला शिकाऊ उमेदवारी सल्लागार. आणि करार मालकाच्या कसुरीमुळे मोडला तर मालकाने उमेदवारास भरपाई द्यावी, हेही त्याच कलमात आहे. दोन्ही पारडी आहेत आणि काटा तिसऱ्याच्या हातात आहे. फिटरसाठी जो न्याय साठ वर्षांपूर्वी सुचला, तो पदवीधरासाठी का सुचू नये? पदवीधराच्या बंधपत्रात मालकाच्या कसुरीचे कलम शोधून सापडत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत म्हैसूरच्या एका मोठ्या प्रशिक्षण केंद्रातून तीनशेहून अधिक नवख्या मुलांना अंतर्गत परीक्षेत नापास ठरवून एकदम निरोप देण्यात आला. नोकरीच्या आशेने त्यांनी जो काळ घालवला त्याचा हिशेब कोणत्या बंधपत्रात लिहिला होता?

बाहेरच्या देशांतही हा प्रश्न आहे, आणि तेथे लोक स्वस्थ बसलेले नाहीत. युरोपीय संघाने २०१९ च्या एका निर्देशाद्वारे असे ठरवले की जे प्रशिक्षण देणे मालकास कायद्याने किंवा सामुदायिक कराराने बंधनकारक आहे ते कर्मचाऱ्यास विनामूल्य मिळावे आणि तो वेळ कामाचा वेळ समजला जावा. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचे पैसे वसूल करणाऱ्या नव्या करारांवर १ जानेवारी २०२६ पासून बंदी घातली. तीही सरसकट नाही. दुसरीकडेही उपयोगी पडेल अशा मान्यताप्राप्त शिक्षणाची फी मालकाने भरली असेल तर ठरावीक अटींवर ती परत मागता येते. ही अट आम्हांस विशेष पटते. जे शिक्षण मुलाच्या बरोबर जाईल त्याची किंमत मागणे समजू शकते. कंपनीचीच यंत्रे आणि कंपनीच्याच पद्धती शिकवण्याचा खर्च हा धंद्याचा खर्च होय, आणि तो नोकराच्या माथी मारणे म्हणजे दुकानाच्या पाटीचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेण्यासारखे आहे.

सरकारी डॉक्टरांच्या बंधपत्राचा उल्लेख येथे केला नाही तर वाचक आम्हांस विचारतील. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टराने एक वर्ष शासनाची सेवा करावी, असे राज्याचे बंधन आहे. ते आम्हांस मान्य आहे. तेथे सावकार कोणी कंपनी नाही. ज्या लोकांच्या करातून ते शिक्षण झाले तेच लोक सालेकसा आणि देवरीच्या ग्रामीण रुग्णालयांच्या ओसरीवर डॉक्टरची वाट पाहत बसलेले असतात. १९ ऑगस्ट २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांची अशी बंधपत्रे वैध ठरवली. आमची तक्रार निराळी आहे. अनेक वर्षे दहा लाख रुपये भरून ह्या सेवेतून सुटण्याची सोय ठेवलेली होती. म्हणजे ज्याच्या बापाजवळ दहा लाख असतील त्याच्यापुरती सालेकसा नकाशावर नसे. रुग्णाला डॉक्टर हवा होता. सरकारने धनादेश घेतला. ह्यावरून इतकेच दिसते की बंधपत्र पैशात मोजू लागले की त्याचा मूळ हेतू बाजूस पडतो, मग ते सरकारचे असो की कंपनीचे.

राज्याच्या कामगार खात्याने ह्या बाबतीत नियम करावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. बंधपत्राच्या जोडीला प्रशिक्षणाच्या खर्चाचा तपशील, तोही प्रशिक्षण देण्यापूर्वी, लेखी दिलेला असावा; रुजू होण्यास अपरिहार्य असलेले पहिले प्रशिक्षण त्यात धरू नये; सेवेच्या प्रत्येक महिन्यागणिक रक्कम कमी होत जावी; मालकाने काढून टाकल्यास काहीही देणे राहू नये; मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्यास दंड असावा; आणि वाद झाल्यास शिकाऊ उमेदवाराप्रमाणेच तटस्थ अधिकाऱ्याने, कर्मचारी राहत असलेल्या जिल्ह्यात बसून, खर्च ठरवावा. ह्यातली एकही गोष्ट प्रामाणिक मालकाला जड जाणारी नाही. ज्याने खरोखर खर्च केला आहे त्याच्यापाशी पावत्या असतातच.

तोवर आमच्या महाविद्यालयांनी तरी जागे व्हावे. मुलाखतीसाठी कंपनीला मंडप घालून देताना तिच्याकडून बंधपत्राची प्रत आठ दिवस आधी मागवणे आणि ती मुलांना मराठीत समजावून सांगणे, एवढे काम प्राचार्यांच्या अधिकाराबाहेरचे नाही. निवडलेल्या मुलांच्या संख्येची मोठाली छायाचित्रे वर्तमानपत्रांकडे पाठवली जातात. आम्हीही ती छापतो, आणि किती मुलांनी कोणत्या अटींवर सही केली हे आम्ही कधी विचारले नाही, हा दोष आमच्याही पदरी आहे.

तरुणांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जे खरेच देणे आहे ते द्यावे. कंपनीने परदेशी पाठवले असेल, टाइप रेटिंग करून दिले असेल, फी भरली असेल, तर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात ती रक्कम परत करण्यात कमीपणा नाही. आणि सूचनेची मुदत न पाळता रातोरात निघून जाण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. त्यामुळे मागून येणाऱ्या दहा मुलांच्या बंधपत्रातला आकडा वाढतो. पण नोटीस आली म्हणून बांधी विकू नका. गोंदियाच्या न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तेथे सल्ला मागण्यास पैसे पडत नाहीत. नोटिशीला उत्तर मुदतीत आणि लेखी द्यावे, त्याची पोच जपून ठेवावी. माझ्या प्रशिक्षणावर कोणत्या तारखेस, कशासाठी, किती रुपये खर्च झाले त्याचा पावत्यांसह तपशील पाठवावा, मी केलेली सेवा त्यातून वजा करावी, आणि राहील ती रक्कम कळवावी, एवढेच त्यात लिहावे.